कायुपानचं कातडं

कातडं दाखवायचं, एवढ्याचसाठी ती मोहीम निघाली. पकडायचं नव्हतं, मारायचं नव्हतं. एका हट्टी म्हातारीला तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी एकदा दाखवायचं होतं.

कायुपान सरोवराच्या काठावर ज्यांचा जन्म गेला त्यांना कातडं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सोललेल्या बैलाच्या चामड्यासारखं ते पसरट असतं, तपकिरी, कडेनं नख्यांची झालर. ऊन पडलं की उथळ पाण्यावर अंग पसरून राहतं. वासरू, घोडा, माणूस, जे जवळ येईल त्याला गुंडाळतं आणि तळाला घेऊन जातं. त्या काळी खोऱ्यात मोटारीचा रस्ता नव्हता, वीज नव्हती, आणि कातड्याला न भिणारं एकही घर नव्हतं. तरीसुद्धा एलिसेओ इरिबार्नेनं ‘फ्लोरिन्दोला कातड्यानं नेलं’ असं सांगितलं तेव्हा एकाही माणसानं ते खरं मानलं नाही.

दोघं विशीतले, जिवलग दोस्त. सरोवराच्या उत्तरेकडच्या फाट्यातून पिन्योन झाडाच्या बियांची पोती घेऊन येत होते. होडीत दोघं बसले आणि एकटा परत आला. प्रेत मिळालं नाही. त्या गार पाण्यात ते मिळतही नाही. रिकाम्या शवपेटीच्या अंत्यविधीला फ्लोरिन्दोची थोरली बहीण कुस्तोदिया सगळ्यांदेखत एलिसेओला म्हणाली, "हात धरला होता म्हणतोस. मग सोडलास का?"

एलिसेओला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर कुस्तोदिया त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणून खोरंही बोलेनासं झालं. तो समुद्राकडे, तेलविहिरींवर कामाला निघून गेला. परत आला तो थेट म्हातारा होऊन, दुखऱ्या काळजाचा, एक पेटी आणि औषधांची पिशवी घेऊन. त्याला आता एवढंच हवं होतं की उरलेले दिवस इथे काढावेत आणि मग वर लेंगाच्या झाडांखाली आईबापांच्या थडग्यांशेजारी पडावं. पण लेंगाखालची ती जमीन कुस्तोदियाच्या माणसांची होती, आणि तिथे कुणाला जागा द्यायची हे कुस्तोदिया ठरवत असे.

तिनं निरोप धाडला. "मला कातडं दाखव म्हणावं. दिसलं तर जागा देईन. नाही दिसलं तर आलास त्या वाटेनं जा म्हणावं."

निरोप एलिसेओसाठी होता, पण तो आला सुलेमाकडे.

सुलेमा ही एलिसेओची मोठी बहीण. तिनं गावच्या शाळेत जन्मभर निसर्गविज्ञान शिकवलं आणि प्रत्येक सुट्टी सरोवरावर घालवली. लपून राहिलेल्या प्राण्यांचा अभ्यास करते, असं ती म्हणे. गाव तिला कातडंवाली मास्तरीण म्हणे. कुणी काही पाहिल्याची बातमी आली की ती घोड्यावर बसून जाई, त्या माणसाला खोदून खोदून विचारी, पाण्याची खोली मोजी, आणि शेवटी सांगे: ते बुडालेलं झाड होतं. किंवा ते पोहणारं हरीण होतं. किंवा ती एकामागे एक चाललेली पाणमांजरं होती. खोऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक साक्षीदाराला तिनं असं घरी पाठवलं होतं. फक्त एकाची साक्ष तिला कधी मोडता आली नाही, आणि मोडायची इच्छाही झाली नाही.

आता ती साठी ओलांडून बरीच पुढे आली होती. गुडघे गेले होते. पाण्यात सोडलेले गळ, दिवे, जाळी, सगळं गंजून परसात पडलं होतं. निरोप ऐकून तिला पहिली गोष्ट वाटली ती ही की आता पुन्हा खोगीर चढवायचं. दुसरी गोष्ट तिनं भावाला सांगितली.

"मार्चमध्ये निघू, आपला उन्हाळा संपता संपता. उन्हाळ्यानं पाणी उतरलेलं असतं आणि शरदात मधेच वारा पडतो. दिसलं तर उत्तरेच्या फाट्यातच दिसेल."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर तुझी पेटी अजून उघडलेली नाही, तेवढे कष्ट वाचतील."

एलिसेओ हसला. त्या घरात पुष्कळ दिवसांनी कुणी हसलं.

ते चौघं निघाले. सुलेमा, एलिसेओ, कुस्तोदिया, आणि तिचा भाचा नासारियो, ज्याचं खोपटं आणि होडी फाट्याच्या तोंडाशी होती. गावापासून तिथवर पाण्यानं जाता येत नसे, कारण सरोवराच्या मधल्या गळ्यात पश्चिमेचा वारा मोठ्या होड्याही उलट्या करी. म्हणून डोंगरावरून घोड्यांनी जायचं आणि मग फाट्यात होडी घालायची.

डोंगराच्या कण्यावर जुन्या वणव्यात जळालेलं लेंगाचं रान होतं. पांढरी मेलेली खोडं अजून उभी, आणि त्यांच्या मधून दोन पुरुष उंचीचा बांबू माजलेला. नासारियो पुढे कोयता चालवत होता. त्याच्या मागे सुलेमाचं घोडं, मग कुस्तोदियाची पांढरी घोडी, आणि सगळ्यांत मागे एलिसेओ, दर चढावर थांबून श्वास घेणारा. कुस्तोदियाच्या खोगिराला गोणपाटात गुंडाळलेली एक भली मोठी जुडी बांधलेली होती. मिचायच्या झुडपाचे काटे. बोटभर लांब.

"मावशी, ते काटे घोडीला टोचतायत," नासारियो म्हणाला.

"घोडीनं तुझ्याकडे तक्रार केली?"

"ती कशी करणार?"

"मग तू तिची वकिली करू नकोस. पुढे बघ, फांदी येतेय."

कातडं दिसलं तर त्याच्यावर काट्यांची जुडी टाकायची, ही तिथली जुनी रीत. शिकार समजून ते जुडीला गुंडाळतं आणि स्वतःच्याच मिठीनं फाटतं. कुस्तोदियानं मात्र जुडीला गुरं पकडायचा, चामड्याच्या वेणीचा लांब फास दोरीसारखा बांधून आणला होता. सुलेमानं त्याचं कारण विचारलं.

"मिचाय तोडताना माझे हात रक्ताळले. ते काय एकदा टाकून फुकट घालवू? चुकला नेम तर परत ओढून घेता येईल."

उतारावर ओढा आडवा आला. पाणी गुडघाभर, पण खाली गुळगुळीत दगड. कुस्तोदियानं घोडी थांबवली आणि सुलेमाकडे वळून म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, उजवीकडून काढ म्हणावं घोडं. डावीकडे डोह आहे."

एलिसेओ तिच्या मागे दोन हातांवर होता. "ऐकलं मी," तो म्हणाला.

"त्याला सांग, मी तुझ्याशी बोलतेय."

"एलिसेओ," सुलेमा कंटाळून म्हणाली, "ती माझ्याशी बोलतेय. उजवीकडून काढ."

एलिसेओनं उजवीकडून काढलं. सामानाचं खेचर मात्र कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. ते डावीकडे गेलं. पाय सरकला. एका क्षणात पोट वर, पाय हवेत, आणि ओझं पाण्यात! नासारियो कमरेइतका पाण्यात उतरला, त्यानं लगाम धरला, शिव्या दिल्या, ओढला. खेचर वाचलं. भाजलेल्या गव्हाच्या पिठाची पिशवी आणि माते नावाच्या कडू चहाच्या पानाची मोठी पुडी ओढ्यानं नेली. सुक्या मांसाच्या पट्ट्या आणि पानाची एक छोटी पुडी तेवढी एलिसेओच्या खोगिरात होती म्हणून राहिली. पीठ म्हणाल तर कुस्तोदियाच्या कमरेच्या बटव्यात थोडं होतं, पण ते खाण्याचं नव्हतं.

संध्याकाळी खोपटं आलं. सुलेमा घोड्यावरून उतरली ती काही वेळ खोगीर धरूनच उभी राहिली. पाय आपले आहेत की नाहीत याची तिला खात्री होईना.

सकाळी होडी पाण्यात ढकलली. पाण्यावर जाण्याआधी पाण्याच्या धन्याला विचारावं लागतं. कुस्तोदिया घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली, बटव्यातून पीठ काढलं आणि चिमटीचिमटीनं सोडत नावं घेऊ लागली. ज्याचं नाव सांगितलं त्याला पाणी पाहुणा समजतं. "कुस्तोदिया ऊएनुपिल येतेय. नासारियो, माझ्या बहिणीचा मुलगा, येतोय. सुलेमा इरिबार्ने, जिला तू ओळखतोस, जी तुला सारखी त्रास देते, ती येतेय. वाट दे."

तिनं बटवा बांधला.

नासारियोनं मान खाजवली. "मावशी, आपण चार आहोत."

"मला मोजता येतं."

"मग त्याचं..."

"पाण्याची नि त्याची जुनी ओळख आहे," कुस्तोदिया म्हणाली आणि होडीत चढली.

एलिसेओनं ऐकलं. त्यानं टोपी सरळ केली आणि आपल्या जागी जाऊन बसला. सुलेमाला राग आला, पण भांडायला अंगात जोर लागतो. तिनं वल्हं उचललं.

फाटा लांब आणि अरुंद होता. दोन्ही बाजूंना काळे कडे, वर बर्फाची एक पट्टी, आणि मधे बाटलीच्या काचेसारखं हिरवं पाणी. दुपारपर्यंत नासारियोनं आणि सुलेमानं आळीपाळीनं वल्ही मारली. मग वारा आला. आधी पाण्यावर एक काळी रेघ दिसली, मग ती रेघ पळत आली, आणि होडी कागदासारखी नाचू लागली. टोकाच्या वाळूवर ते कसेबसे लागले, भिजलेले, थरथरत. होडी ओढून झुडपात घातली, ताडपत्री बांधली, आणि मग दिवसांमागून दिवस तिथेच बसून राहिले.

वारा थांबेना. ताडपत्री रात्रंदिवस फडफडे, बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून कुणी फारसं बोलत नसे. सुक्या मांसाचे तुकडे दररोज लहान होत होते. नासारियोनं गळ टाकून पाहिले, पण लाटांत ट्राउट येईनात. सुलेमा दुर्बीण घेऊन खडकावर बसे आणि डोळ्यांना धार लागली की परत येई. इतकी वर्षं ती ह्याच खडकावर बसली होती. तिच्या बसण्यानं त्यात खळगा पडला असता, खडक जरा मऊ असता तर.

सगळ्यांत जास्त त्रास त्या माते चहाचा होता. तिथे माते एकट्यानं पीत नाहीत. एकच भोपळी, म्हणजे पोकळ भोपळ्याचं भांडं, एकच नळी, एक जण ओततो आणि ती हातोहात फिरते. ज्याच्याशी वैर त्याच्या तोंडची नळी कुणी घेत नाही. त्यामुळे नासारियोला दोन फेऱ्या कराव्या लागत. आधी कुस्तोदिया, तो स्वतः आणि सुलेमा. मग पान बदलून एलिसेओसाठी वेगळी भोपळी, आणि त्याला सोबत म्हणून सुलेमा पुन्हा.

"माझं पान दुप्पट चाललंय," नासारियो कुरकुरला. "ओढ्यानं नेलं ते नेलं, उरलेलं तुमचं भांडण पितंय."

"तू कमी पी," कुस्तोदिया म्हणाली.

"मी तर आतापासूनच नुसती वाफ घेतोय, मावशी."

एका संध्याकाळी एलिसेओ खडकावर सुलेमाशेजारी येऊन बसला. तेवढं चालल्यानंही त्याच्या ओठांवर निळसर झाक आली होती. खाली पाण्यावर ऊआला पक्षी रडत होता. त्याची हाक अगदी बाईच्या विलापासारखी असते.

"सुले, तुला खरंच वाटतं मी बघितलं होतं?"

"आता विचारतोस? मी अर्धं आयुष्य घातल्यावर?"

"तू इतरांना सगळं झाडाचं खोड म्हणून सांगितलंस. मला कधी नाही सांगितलंस."

"तुला पोहणारं हरीण म्हणून सांगितलं असतं तर चाललं असतं?"

त्यानं एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाला, "कातड्याचं राहू दे. ती काय विचारत होती ते आठवतं? सोडलास का. मला अजून उत्तर येत नाही, सुले. मी रोज विचार करतो. मी सोडला का?"

सुलेमा त्याच्या आणखी जवळ सरकली. तिनं आपली शाल त्याच्या खांद्यावर टाकली.

खाली शेकोटीजवळ नासारियोनं जाहीर केलं की मांस संपलं, आणि उद्या वारा पडो न पडो, कड्याच्या आडोशानं परत फिरायचं. कुस्तोदियानं काट्यांची जुडी जवळ ओढून घेतली आणि मान हलवली. म्हणजे हो. सुलेमानं भावाकडे पाहिलं. त्याची पेटी तशीच बांधलेली, घरी दाराजवळ उभी होती.

सकाळी सुलेमाला जाग आली ती शांततेनं. ताडपत्री लोंबत होती. ती बाहेर आली. पाणी काचेसारखं! एकही सुरकुती नाही. समोरच्या कड्याचं उलटं चित्र इतकं स्वच्छ की त्यातली झाडं मोजावीत.

होडी ढकलली. नासारियो वल्ह्यांवर, सुलेमा पुढच्या टोकाला कॅमेरा गळ्यात अडकवून, एलिसेओ मधे, कुस्तोदिया मागे काट्यांची जुडी पायाशी घेऊन. फासाचं दुसरं टोक नासारियोनं पुढच्या कडीला बांधलं होतं. टोकापासून थोडं आत उथळ पाण्याचा एक कट्टा होता. हिरवं पाणी संपून एकदम काळं सुरू होई ती जागा. ते त्याच्या कडेकडेनं निघाले.

सूर्य कड्यावर आला. ऊन पाण्यात उतरलं. आणि सुलेमाला खाली सावली दिसली.

ढगाची, ती मनात म्हणाली. तिनं वर पाहिलं. ढग नव्हता.

बुडालेलं झाड. पण झाडाला कडा नसतात, आणि ह्याला होत्या. सगळीकडून, मळणीच्या खळ्याएवढी गोल. हरीण नव्हे. पाणमांजरं नव्हेत. इतकी वर्षं जी यादी ती दुसऱ्यांना ऐकवत आली होती ती तिनं भराभर स्वतःला ऐकवली, आणि यादी संपली. सावली वर येत होती.

बुडबुडे फुटले. सडक्या अंड्यासारखा वास आला. पाण्याखाली एक तपकिरी कड हळूच उचलली गेली आणि झालर हलावी तशी हलली. नासारियोची वल्ही हवेतच थांबली.

एलिसेओ ओरडला नाही. तो अगदी हळू म्हणाला, "कुस्तोदिया, बघ." आणि तिला नीट दिसावं म्हणून बाजूला झाला.

त्याच क्षणी होडीचा तळ कशावर तरी टेकला. एक बाजू उचलली गेली! सुलेमा आपटली, कॅमेरा बाकावर आदळून फुटला, पाणी आत आलं. सावरून मान वर केली तर एलिसेओची जागा रिकामी होती.

तो मागच्या बाजूला पाण्यात होता. मान आणि एक हात वर. बाकी सगळं त्या तपकिरी घडीत. कुस्तोदियानं होडीबाहेर झुकून त्याचा हात दोन्ही हातांनी धरला होता. तिनं पाय फळीला लावले. ती ओढत होती. सत्तरी उलटलेली बाई, पण लाकडं फोडणारी, गुरं बांधणारी. तिच्या मनगटांच्या शिरा तटतटल्या होत्या.

आणि हात सुटला.

झटका नाही, हिसका नाही. बर्फाच्या पाण्यात बोटं मिटत नाहीत, एवढंच. त्याची बोटं तिच्या मुठीतून ओल्या साबणासारखी निघून गेली. पाणी त्याच्या टोपीवर मिटलं.

कुस्तोदिया आपल्या हातांकडे बघत राहिली. एक क्षण. मग ती उभी राहिली आणि पाण्यावर ओरडली. तसा आवाज सुलेमानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, अंत्यविधीलासुद्धा नाही.

"एलिसेओ! एलिसेओ इरिबार्ने! हा माझ्याबरोबर आलाय! ह्याचं नाव मी सांगितलं नव्हतं, आता सांगतेय! हा माझा पाहुणा आहे! दे त्याला!"

आणि तिनं जुडी उचलून फेकली.

काटे बरोबर मधे पडले. तपकिरी कड उलटली. जुडीवर आली. दुमडली. फास सळसळत होडीबाहेर धावला आणि ताणला गेला. होडीच्या त्या बाजूचं पाणी गढूळ होऊन उकळल्यासारखं झालं, आणि त्या गढुळातून एलिसेओच्या अंगावरची लोकरी घोंगडी फुगून वर आली.

"वल्हं!" नासारियो ओरडला.

सुलेमानं वल्हं घोंगडीखाली घातलं आणि उचललं. नासारियोनं केस धरले, मग कॉलर, मग काख. कुस्तोदियानं पट्टा धरला. तिघांनी मिळून त्याला आत घेतलं, पोत्यासारखं. तो खोकला. पाणी ओकला. ओठ जांभळे, डोळे उघडे.

फास अजून ताणलेला होता. होडीचं नाक खाली जात होतं.

नासारियो दोरीकडे बघत होता. "मास्तरीणबाई," तो धापा टाकत म्हणाला, "कट्टा जवळच आहे. जोर लावला तर कदाचित ओढून नेता येईल मला. उथळात आणलं तर मग ते कुठे जातंय."

सुलेमानं हात दोरीवर ठेवला. दोरी जिवंत होती. पलीकडे कुणीतरी हळूहळू वळत असावं तशी ती तिच्या तळव्याखाली कुरकुरत होती. तिनं परसात गंजून पडलेली जाळी आठवली, आपल्याला हसणारी शाळेतली पोरं आठवली, सगळ्या सुट्ट्या आठवल्या. कधी नव्हे ते ती त्याला धरून होती.

तिनं मागे पाहिलं. एलिसेओ तळाच्या पाण्यात पडला होता आणि आता थरथरतही नव्हता. फाट्याच्या तोंडाशी पाण्यावर एक काळी रेघ उमटली होती. वारा.

कमरेचा सुरा काढला आणि तिनं दोरी कापली.

होडीचं नाक झटकन वर आलं. दोरीचं टोक पाण्यावर एकदा वळवळलं आणि खाली गेलं. नासारियोनं वल्ही घेतली आणि किनाऱ्याकडे अशी मारली की जणू त्याला आयुष्यात पुन्हा कधी वल्हवायचंच नव्हतं.

वाळूवर पोचेपर्यंत वाऱ्यानं गाठलं. पण पोचले. एलिसेओचे ओले कपडे काढले, होत्या नव्हत्या तेवढ्या घोंगड्यांत गुंडाळला, मोठी शेकोटी केली. कुस्तोदियानं त्याचे तळपाय आपल्या मांडीवर घेऊन चोळले, जोरात, कुणावर तरी रागावल्यासारखं. हळूहळू त्याचे दात वाजू लागले. दातांचा तो आवाज ऐकून सुलेमा खाली बसली. इतकी थकली होती की बसल्यावर आपण रडतोय हे तिला थोड्या वेळानं कळलं.

"बाई," नासारियोनं विचारलं, "काय होतं ते? तळाचं शेवाळ वायूनं उठतं कधीकधी, मी ऐकलंय. तसं होतं?"

"असेल."

"शेवाळ काट्यांना मिठी मारतं का?" कुस्तोदियानं मान वर न करता विचारलं.

"नसेल मारत."

"मग काय होतं?"

"मला माहीत नाही," सुलेमा म्हणाली. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिनं कुणालाच ऐकवलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिला खोगीर उतरवल्यासारखं वाटलं.

"शाळेत मी हेच लिहिलं होतं," नासारियो म्हणाला. "तुम्ही मला नापास केलंत."

कुस्तोदियाचे हात थांबले. तिनं ते उलटे करून तळवे पाहिले. काट्यांचे जुने ओरखडे, दोरीनं सोललेली चामडी. ती कुणाकडेही न बघता बोलू लागली.

"घट्ट धरला होता. मी सोडला नाही. तो... मी सोडला नव्हता."

घोंगड्यांच्या ढिगातून एलिसेओचा आवाज आला. दातांमुळे शब्द तुटत होते.

"माहीत आहे, कुस्तोदिया."

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. सरळ, तोंडाकडे. मग तिनं डोळे पुसले नाहीत, नाक मात्र आपल्या शालीच्या टोकानं खसाखसा पुसलं.

"तू हे तेव्हा का नाही सांगितलंस? की बोटं मिटत नाहीत म्हणून?"

"मलाच माहीत नव्हतं. मला वाटायचं मी सोडला."

तिनं पुन्हा त्याचे पाय चोळायला घेतले. आता जरा हळू. "वर लेंगाखाली जागा आहे," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या डाव्या अंगाला. पण एवढ्यात घाई करू नकोस. आता जमीन गोठेल, आणि खणायचं नासारियोला."

"माझी काही तक्रार नाही," नासारियो म्हणाला. "पण उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर बरं."

एलिसेओ हसायला गेला आणि खोकला.

नासारियोनं किटली विस्तवावर ठेवली. पानाची पुडी झटकली. एक भोपळी भरेल इतकंही पान नव्हतं. त्यानं ते सगळं आत टाकलं, नळी खोचली, पाणी ओतलं, आणि अवघडून मावशीकडे पाहिलं.

"एकच फेरी होईल. कसं करू? आधी तुझी काढू आणि मग..."

"आधी त्याला दे. गारठलाय."

एलिसेओनं दोन्ही हातांत भोपळी धरली. नळी दातांवर वाजत होती. तो हळूहळू प्यायला, फार हळू, डोळे मिटून, भोपळीची ऊब छातीशी धरून. शेवटचा घोट खुळखुळला तसा नासारियोनं परत घ्यायला हात पुढे केला. त्याच्याआधी कुस्तोदियाचा हात पोचला होता. तिनं भोपळी घेतली, नासारियोपुढे धरली. त्यानं पाणी ओतलं. तिनं नळी ओठांत धरली आणि ओढली.

"ह्याची चव तर सगळी तूच पिऊन बसलास," ती एलिसेओला म्हणाली आणि दुसरा घोट घेतला.